केकिओंगा : पहिला लीग सामना जिंकला, हंगाम मात्र पुरा झाला नाही

प्रश्न दुहेरी आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या पहिल्या लीगचा पहिला सामना १८७१ मध्ये फोर्ट वेन या गावाच्या केकिओंगा संघाने जिंकला, मग तो संघ चार महिन्यांत नाहीसा कसा झाला? आणि त्या सामन्याला ‘पहिला मेजर लीग सामना’, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या लीगमधला पहिला सामना, म्हणायचे का?

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात असे. संघ लहान गावाचा होता, खेळाडू बाहेरून आणलेले होते, आणि ज्या लीगमध्ये तो उतरला तिच्यात कोणालाच बांधून ठेवण्याची सोय नव्हती. ना खेळाडूला, ना क्लबला. संघ वाईट होता म्हणून बुडाला, हे सर्रास दिले जाणारे कारण तपासून पाहिले तर टिकत नाही. तक्त्यात त्याच्याइतकेच किंवा त्याहून वाईट खेळलेले संघ हंगाम संपेपर्यंत तग धरून होते. दुसऱ्या भागाचे उत्तर कोणाची वही प्रमाण मानायची यावर अवलंबून आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आधी गाव. फोर्ट वेन इंडियाना राज्याच्या ईशान्येला आहे. सेंट जोसेफ आणि सेंट मेरीज या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे मॉमी नदी म्हणून वाहतात. या संगमावर मायामी या मूलनिवासी लोकांचे मोठे ठाणे होते, त्याचे नाव केकिओंगा. १७९४ मध्ये जनरल अँथनी वेनच्या फौजेने तिथे किल्ला बांधला आणि गावाला त्याचे नाव पडले. बेसबॉल क्लबाने जुने नाव घेतले. १८७० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १७,७१८ भरली. तिच्याशेजारी त्याच जनगणनेतले बाकीचे आकडे ठेवून पाहा: फिलाडेल्फिया ६,७४,०२२, शिकागो २,९८,९७७, बोस्टन २,५०,५२६, क्लीव्हलँड ९२,८२९. फोर्ट वेनहून लहान गाव लीगमध्ये एकच होते, इलिनॉयमधले रॉकफर्ड, ११,०४९ वस्तीचे. अशा गावाला मोठ्या शहरांच्या पंगतीत बसता आले त्याला एक साधे कारण आहे: रेल्वे. फोर्ट वेन पिट्सबर्ग-शिकागो मुख्य मार्गावर होते. पूर्वेकडचा संघ शिकागोला निघाला की वाटेत तिथे उतरून एक सामना खेळणे त्याला परवडत असे.

लीगची स्थापना १७ मार्च १८७१ ची, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेवरच्या कोलियर्स या पानगृहात. नाव लांबलचक: नॅशनल असोसिएशन ऑफ प्रोफेशनल बेस बॉल प्लेयर्स. ‘प्लेयर्स’ हा शब्द लक्षात ठेवा. संघटना कागदोपत्री खेळाडूंची होती, क्लबांची नव्हती. अध्यक्ष म्हणून ट्रॉय क्लबाचे जेम्स कर्न्स निवडले गेले. प्रवेश फी १० डॉलर. ब्रुकलिनच्या एकफर्ड क्लबाने तेवढेही भरायचे नाकारले, कारण ही गाडी फार दिवस चालेल असे त्यांना वाटत नव्हते. फी भरलेले नऊ संघ मैदानात उतरले: बोस्टन, फिलाडेल्फियाचा अॅथलेटिक, न्यूयॉर्कचा म्युच्युअल, वॉशिंग्टनचा ऑलिम्पिक, ट्रॉय, क्लीव्हलँड, शिकागो, रॉकफर्ड आणि फोर्ट वेन.

या लीगला आजच्यासारखे छापील वेळापत्रक नव्हते. प्रत्येक संघाने उरलेल्या आठांशी प्रत्येकी पाच सामन्यांची मालिका खेळायची, तीन जिंकले की मालिका खिशात. तारखा क्लबांच्या चिटणिसांनी आपसात पत्रे लिहून, तारा करून ठरवायच्या. पंच दोघांच्या संमतीचा. विजेत्याला मिळणार होता एक लांब निमुळता झेंडा, पेनंट. अजिंक्यपद जास्त मालिकांवर द्यायचे की जास्त विजयांवर, हेही धड स्पष्ट लिहिलेले नव्हते आणि त्यावर हंगामभर वाद चालू राहिला. नियमावली घाईत लिहिली की काय होते, ते पाहायला हा हंगाम उत्तम.

आता संघ. केकिओंगाचा कणा फोर्ट वेनचा नव्हता, बाल्टिमोरचा होता. १८७० च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरचा मेरीलँड हा क्लब पश्चिमेच्या दौऱ्यावर असताना मोडला आणि त्यातले बरेच गडी फोर्ट वेनने उचलले. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बॉबी मॅथ्यूज, कॅचर (फलंदाजामागे चेंडू पकडणारा) आणि कर्णधार बिल लेनन, दुसऱ्या बेसवरचा टॉम केरी (बेस म्हणजे मैदानातले चार थांबे; ते फिरून आले की एक धाव), तिसऱ्यावरचा फ्रँक सेलमन, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला, वॉली गोल्डस्मिथ अशी ती मंडळी. गावाच्या दृष्टीने हा स्वस्तातला सौदा होता: एकमेकांसोबत खेळायची सवय असलेला तयार संच हाती आला. पण एकगठ्ठा आलेली माणसे एकगठ्ठा जातातही. गावात ना घर, ना नातेगोते, ना दुसरा धंदा. पगार वेळेवर आला नाही तर त्यांना थांबवणार कोण?

४ मे १८७१, गुरुवार. त्या दिवशी लीगचे उद्घाटन खरे तर वॉशिंग्टनमध्ये ऑलिम्पिक विरुद्ध बोस्टन या बड्या सामन्याने व्हायचे होते. तो पावसाने धुऊन नेला. दुसऱ्या दिवशी खेळला गेला तेव्हा बोस्टनने २०-१८ असा जिंकला. म्हणून पहिलेपणाचा मान फोर्ट वेनच्या वाट्याला आला. तिथेही आभाळ भरलेलेच होते आणि प्रेक्षक जमले सुमारे २००. पाहुणा संघ क्लीव्हलँडचा फॉरेस्ट सिटी, पंच सिनसिनाटीचे जॉन बोक.

पहिला फलंदाज होता क्लीव्हलँडचा कॅचर जिम व्हाइट, पुढे ‘डीकन’ व्हाइट म्हणून ओळखला गेलेला. त्याने मॅथ्यूजला दोन बेसचा फटका मारला. लीगच्या इतिहासातला पहिला हिट (फलंदाजाला बेस मिळवून देणारा फटका) तो हाच. पाठोपाठ जीन किंबलचा उडालेला चेंडू दुसऱ्या बेसवरच्या केरीने झेलला. झेल सुटणार अशा समजुतीने व्हाइट बेस सोडून पुढे गेलेला. केरीने बेसवर पाय ठेवला आणि एकट्याने दोन्ही गडी बाद केले. पहिला हिट आणि पहिला डबल प्ले (एका चेंडूवर दोन गडी बाद) लागोपाठच्या दोन फलंदाजांत. दुसऱ्या डावात (सामना नऊ डावांचा) लेननने दोन बेसचा फटका मारला आणि जो मॅकडरमॉटच्या हिटवर घरी आला. ही लीगची पहिली धाव. पाचव्या डावात आणखी एक. शेवटचा निकाल २-०. मॅथ्यूजने पाच हिट दिले, सहा जणांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीनदा चुकवून बाद केले. त्याचे वय तेव्हा १९, उंची साडेपाच फुटांच्या आत.

आजच्या वाचकाला २-० हा साधा निकाल वाटेल. १८७१ मध्ये तो नवलाचा होता. त्या हंगामात एक संघ एका सामन्यात सरासरी दहाच्या वर धावा करी. प्रतिस्पर्ध्याला शून्यावर ठेवणे इतके दुर्मिळ होते की त्यासाठी एक वेगळे क्रियापद रूढ झाले होते. १८७० मध्ये म्युच्युअलने शिकागोला ९-० हरवले, तेव्हापासून शून्यावर गारद होणे म्हणजे ‘शिकागोड’ होणे. लीगमध्ये याहून कमी धावांचा सामना व्हायला १८७५ चा मे महिना उजाडावा लागला. तेव्हा शिकागोने सेंट लुईसच्या रेड स्टॉकिंग्जला १-० हरवले.

इतक्या धावा का होत, हे समजल्याशिवाय या काळाचा कोणताही आकडा वाचू नये. पिचर फलंदाजापासून ४५ फुटांवर उभा असे. आजचे अंतर ६० फूट ६ इंच आहे, क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. जवळून टाकतो म्हणजे पिचरची चंगळ, असे वाटेल. पण चेंडू हात सरळ ठेवून, खालूनच टाकायची सक्ती होती आणि मनगटाचा झटका १८७२ पर्यंत कायदेशीर नव्हता. त्यातच १८७१ पासून फलंदाजाला ‘वर’ की ‘खाली’ अशी चेंडूची उंची मागून घेण्याची मुभा मिळाली, ती पुढे १८८७ पर्यंत टिकली. फाऊल, म्हणजे रेषेबाहेर मारलेला चेंडू स्ट्राइक (फलंदाजाची चूक) धरला जात नसे. ‘फेअर-फाऊल’ नावाची युक्ती होती: चेंडू आधी आत टप्पा खाईल आणि मग फिरत रेषेबाहेर निघून जाईल असा मारायचा, तरी तो वैध. याच्या बदल्यात क्षेत्ररक्षकांना एकच सवलत, फाऊल गेलेला चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी फलंदाज बाद.

आणि हे सगळे उघड्या हातांनी. हातमोजे नाहीत, कॅचरच्या तोंडावर जाळीही नाही, ती १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. बोट मोडणे ही रोजची गोष्ट, आणि बदली गडी हाताशी ठेवण्याइतका पैसा लहान क्लबाकडे नसे. परिणाम आकड्यात दिसतो. केकिओंगाने १९ सामन्यांत १३७ धावा केल्या आणि २४३ दिल्या. त्या २४३ पैकी पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या, म्हणजे ‘अर्न्ड’ धावा फक्त ९७. उरलेल्या १४६, दर पाचांत तीन, क्षेत्ररक्षणाच्या चुकांतून आलेल्या. मॅथ्यूजने १९ पैकी १९ सामने सुरू केले आणि १९ च्या १९ संपवले. एकूण १६९ डाव. दुसरा पिचर जवळपास नव्हताच. अशा संघाचा तोल एका माणसावर असतो आणि बाकीचे आठ त्याला सावरून धरायला कमी पडतात.

तक्ता मात्र वाटतो तितका वाईट नाही. सात विजय, बारा पराभव. क्लीव्हलँड हंगाम पुरा करूनही १०-१९ (विजय-पराभव) वर अडकला. रॉकफर्डची नोंद ४-२१ अशी लागते, आणि तीही कागदावर बिघडलेली: त्यांच्या स्कॉट हेस्टिंग्जने दुसऱ्या क्लबासाठी खेळून ६० दिवस झाले नव्हते म्हणून जिंकलेले चार सामने काढून घेतले गेले. मैदानावर ते ८-१७ होते. हे दोन्ही संघ तग धरून होते आणि केकिओंगा नव्हता, म्हणजे दोष धावफलकाबाहेर शोधायला हवा.

तो सापडतो तिकिटाच्या खिडकीवर. व्यावसायिक सामन्याचा दर साधारण ५० सेंट, आणि पाहुण्या संघाला बहुतेक ठिकाणी जमा रकमेचा तिसरा हिस्सा. पहिल्या सामन्याचे २०० प्रेक्षक धरून नुसता अंदाज बांधा: १०० डॉलर, त्यातले ३३ पाहुण्यांचे. दहाबारा माणसांचे रेल्वेभाडे आणि हॉटेल यात निघत नाही. म्हणजे मोठ्या शहरातल्या संघाने फोर्ट वेनला परत यावे असे काही उरत नाही, आणि तो आला नाही तर त्याला दंड करणारेही कोणी नाही. उलट फोर्ट वेनला मात्र पूर्वेचा लांबचा दौरा करणे भाग, कारण गर्दी तिकडे. तिथेही पाहुणा म्हणून हिस्सा तिसराच. घरी गर्दी नाही, बाहेर वाटा लहान, पगार दर महिन्याचा. १८६९ मध्ये सगळ्या गड्यांना उघडपणे पगार देणारा पहिला संघ सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. त्यांचे दहा जणांचे पगारबिल सुमारे ९,३०० डॉलर होते. हंगामभर अपराजित राहूनही त्या क्लबाने पुढच्याच वर्षाअखेर पगारी संघ बंद केला. सिनसिनाटीसारख्या दोन लाखांवर वस्तीच्या शहराला जे झेपले नाही, ते इथे अठरा हजारांच्या आतले गाव पेलू पाहत होते.

मग जे व्हायचे ते झाले. हंगामाच्या मध्यावर खेळाडू गळू लागले. लेननच्या हाताखाली ५-९ अशी कामगिरी झाली होती. त्याच्यानंतर हॅरी डीनकडे सूत्रे आली, पुढचे पाच सामने २-३. ऑगस्टअखेर संघ विसर्जित झाला. एकूण १९ सामने. आठ प्रतिस्पर्ध्यांशी मालिका पुऱ्या करायच्या तर किमान २४ हवे होते, कमाल ४०. म्युच्युअल त्या हंगामात ३३ खेळला, विजेता अॅथलेटिक २८.

जागा रिकामी होताच एकफर्ड आत आला. मार्चमध्ये दहा डॉलर वाचवणारा तोच क्लब. पण त्याचा प्रवेश उशिराचा ठरवून वर्षअखेर त्याचे सामने अजिंक्यपदाच्या हिशेबातून काढून टाकले गेले. ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या मोठ्या आगीत तिथल्या व्हाइट स्टॉकिंग्ज या संघाचे मैदान, गणवेश, सगळे जळाले. त्यांनी उरलेला हंगाम उसन्या कपड्यांत, बाहेरच्या मैदानांवर काढला. ३० ऑक्टोबरला ब्रुकलिनमध्ये अॅथलेटिकने त्यांना ४-१ हरवले आणि पेनंट नेला. केकिओंगाचा तोवर मागमूस नव्हता.

हा प्रकार अपवादात्मक नव्हता, आणि म्हणूनच अभ्यासायला उपयोगी आहे. कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनचा मॅन्सफिल्ड १८७२ मध्ये ५-१९ वर ऑगस्टमध्ये थांबला. १८७३ मध्ये न्यू जर्सीचा एलिझाबेथ रिझोल्यूट २-२१. आयोवातला किओकक वेस्टर्न १८७५ मध्ये १-१२ वर बंद. त्याच १८७५ मध्ये बोस्टन ७१-८ होते! दहा डॉलरांत कोणीही आत येई आणि एक पैसाही न गमावता बाहेर पडे. इतकी स्वस्त दारे असलेल्या घरात भाडेकरू टिकत नाहीत.

शिकागोच्या विल्यम हल्बर्टने फेब्रुवारी १८७६ मध्ये नॅशनल लीग काढली तेव्हा दुरुस्त्या नेमक्या याच जागी केल्या. संघटना खेळाडूंची नाही, क्लबांची. शहराची वस्ती किमान ७५,००० हवी. फी १०० डॉलर. ठरलेले सामने खेळलेच पाहिजेत. त्या पहिल्याच हंगामात म्युच्युअल आणि अॅथलेटिक यांनी पश्चिमेचा शेवटचा दौरा टाळला, तर देशातल्या दोन सर्वांत मोठ्या शहरांचे संघ बाहेर काढण्यात आले. १८७९ मध्ये ‘रिझर्व्ह’ची अट आली: प्रत्येक क्लबाने पाच खेळाडू राखून ठेवायचे, त्यांना दुसऱ्या कोणी घ्यायचे नाही. क्लब त्यामुळे स्थिर झाले आणि खेळाडूंच्या गळ्यात पुढची जवळपास शंभर वर्षे ती दोरी राहिली. केकिओंगाच्या गड्यांना पळता आले, पुढच्या पिढ्यांना आले नाही. त्यामुळे या दुरुस्तीला सरसकट ‘सुधारणा’ म्हणताना हात जरा आखडता घ्यावा.

आता मेजर लीगचा मुद्दा. १९६८-६९ मध्ये नेमलेल्या विशेष नोंद समितीने नॅशनल असोसिएशनला मेजर लीगचा दर्जा नाकारला. कारण दिले अनियमित वेळापत्रक आणि ढिसाळ कारभार. ते मानले तर पहिला मेजर लीग सामना २२ एप्रिल १८७६ चा, बोस्टन ६, फिलाडेल्फिया ५, आणि पहिला हिट जिम ओरूर्कचा. अनेक इतिहासकारांना हा निर्णय पटत नाही. त्यांचे म्हणणे, देशातले सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू त्या पाच वर्षांत याच लीगमध्ये होते, मग दर्जा आणखी कशावर ठरवायचा? खेळाच्या दर्जाचा विचार केला तर हा पक्ष बळकट आहे. समितीने कारभाराला गुण दिले, खेळाला नाही. तरीही अधिकृत नोंदीत आजही १८७६ हीच सुरुवात आहे. म्हणून लिहिताना ‘पहिल्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना’ असे लिहावे. ‘पहिला व्यावसायिक सामना’ लिहिणे सरळ चूक, पगारी संघ दोन वर्षे आधीपासून खेळत होते.

या निर्णयाची सर्वांत मोठी झळ मॅथ्यूजला बसली. संघ फुटल्यावर तो केरीसोबत बाल्टिमोरच्या नव्या संघात गेला, पुढे म्युच्युअलमध्ये, आणि १८८७ पर्यंत खेळला. एकूण २९७ विजय. त्यातले १३१ असोसिएशनमधले. ते वगळले की उरतात १६६. तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, नाही. त्याला पहिला फटका मारणारा व्हाइट २०१३ मध्ये गेला.

मूळ नोंदी तपासणाऱ्यांना काही खाचखळगे सांगून ठेवतो. त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या धावफलकात अनेकदा ‘आउट’ आणि ‘रन’ एवढेच दोन रकाने असत. अर्न्ड रनची सरासरी तेव्हा कोणी काढत नसे; मॅथ्यूजची ५.१७ ही सरासरी कितीतरी नंतर संशोधकांनी सामन्यांच्या वर्णनांवरून बांधलेली आहे. तिच्यावर दशांश चिन्हापुढचा वाद घालू नये. लेनन आणि डीन यांना आज ‘मॅनेजर’ म्हटले जाते, प्रत्यक्षात ते काम तेव्हा कर्णधार करी. संघ ७-१२ आणि मॅथ्यूज ६-११ यांत दोन सामन्यांचा फरक आहे. असा फरक दिसला की आधी कागदावर एका संघाला बहाल केलेले सामने शोधावेत, त्यांचा निकाल संघाला लागतो, पिचरच्या नावावर लागत नाही. मैदानाची नेमकी जागा कुठली यावर गावातल्या अभ्यासकांतही एकमत नाही, तेव्हा नकाशावर ठाम खूण करू नका. ‘फॉरेस्ट सिटी’ नावाचे संघ लीगमध्ये दोन होते, क्लीव्हलँडचा आणि रॉकफर्डचा. शहराचे नाव नसलेले कात्रण दोन्ही याद्यांशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. आणि इंग्रजी पुस्तकांत ‘केकिओंगाज’ असे अनेकवचन दिसते, ते नंतरच्या टोपणनावांच्या सवयीतून आले. क्लबाचे नाव एकवचनी होते, मराठीत फोर्ट वेनचा केकिओंगा असेच लिहावे.